रिव्हिजनसाठी (वजनाचं ऑपरेशन पुन्हा करायला) सर्जन निवडताना
ताई, स्लीव्हनंतर (वजन कमी करायला जठर कापून लहान करतात ते ऑपरेशन) वजन परत वाढलंय, रात्री आंबट पाणी घशाशी येतं, तर आता जठराचा बायपास बडोद्यात करावा की अहमदाबादला, असं विचारलंत. गावापेक्षा सर्जनचा हात बघा. पहिल्या ऑपरेशनच्या जागी आतून सगळं चिकटलेलं असतं, टाक्यांतून गळतीचा धोकाही जास्त. म्हणून ‘रिव्हिजन स्वतः किती केल्यात? गळती झाली तर काय करता?’ हे थेट विचाराच.

आमच्या वहिनींना एकाने पाच मिनिटांत तारीख दिली, एंडोस्कोपीचं नावही नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी येऊन बिचाऱ्या रडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी जुने कागद मागितले, एंडोस्कोपी करवली, आहारतज्ज्ञांपुढे तासभर बसवलं. तिथेच केलं. जुनी फाईल आजच काढा; नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते लिहिलेली ऑपरेशन नोट लागते.