वांद्रे–मडगाव एक्सप्रेस वसई रोडला उलटी का फिरते?

कोकणवाट: १०११५ वांद्रे–मडगाव एक्सप्रेसने बोरिवलीहून कणकवलीला जायचं आहे, सोबत वयस्कर माणसं आहेत. वसईला गाडीचं तोंड बदलतं असं कळलं. तिथे गाडी बराच वेळ थांबते, तो वेळ नेमका कशात जातो? डब्यांचा क्रम आणि उन्हाची बाजूही बदलते का?

लूपलाइन: दिवा–वसई मार्ग वसई रोडला दक्षिणेकडून येऊन मिळतो आणि त्याचं तोंड विरारकडे, म्हणजे उत्तरेला आहे. पनवेल, जेएनपीटी बंदराकडची मालगाडी गुजरातला सरळ निघावी म्हणून ही रचना. त्यामुळे कोकणातून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांना अडचण नाही. बोरिवलीकडून येणारी गाडी मात्र वसईपर्यंत उत्तरेला जाते आणि दिवा मार्गावरच्या जूचंद्र, कामण रोडकडे वळायला तिला आल्या दिशेने परत निघावं लागतं. नायगाव–जूचंद्र जोडमार्ग झाला की हा वळसा टळेल, पण मग गाडी वसई रोडला जाणार नाही. वसईकरांच्या दृष्टीने तो तोटाच.

ब्रेकपाईप: वेळ इंजिन फिरवण्यापेक्षा ब्रेकच्या खात्रीला जास्त लागतो. डब्यांना वीज इंजिनातून मिळत असेल तर आधी ती बंद करून केबल सोडवतात, त्या वेळी एसी थांबतो. मग इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधले अँगल कॉक (हवेच्या पाईपच्या टोकाच्या तोट्या) बंद करून दाबाच्या हवेचे दोन पाईप, हिरवा ब्रेक पाईप आणि पांढरा फीड पाईप, सुटे करतात, कपलर (इंजिन आणि डबा जोडणारी कडी) उघडतात. इंजिन मोकळ्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जातं. तिथे दुसरं इंजिन आधीच तयार असेल तर बराच वेळ वाचतो.

जोडल्यावर ब्रेक पाईपमध्ये ५ आणि फीड पाईपमध्ये ६ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब भरतात. अँगल कॉकचा दांडा पाईपला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. एक जरी आडवा राहिला तरी त्याच्या मागच्या डब्यांना चालकाचा ब्रेक लागतच नाही. म्हणूनच गार्ड आपल्या टोकाला दाब उतरवतो आणि इंजिनातल्या काट्यावर तो पडतो का, ते चालक बघतो. ही चाचणी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, उशीर झाला तरी.

शेवटच्या डब्याची ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) पाटी आणि लाल दिवाही नव्या टोकाला जातात. पाटी दिसली नाही तर गाडी पूर्ण आली की मागे डबे सुटले, हे पुढच्या स्टेशन मास्तरला कळत नाही आणि तो मागच्या गाडीसाठी मार्ग मोकळा करत नाही.

लूपलाइन: डब्यांचा क्रम उलटतो. बोरिवलीला पुढे असलेला डबा पनवेलला सर्वांत मागे असतो. कणकवलीला कुणी घ्यायला येणार असेल तर त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते फलाटाच्या भलत्याच टोकाला उभे राहतील. खिडकीची बाजू मात्र बदलत नाही. उत्तरेला जाताना डावीकडे असलेली पश्चिमेची खिडकी दक्षिणेला जाताना उजवीकडे येते, एवढंच. दुपारचं ऊन तिथूनच येणार. वयस्करांना पूर्वेची बाजू घ्या.

कोकणवाट: म्हणजे दौंडसारखंच?

ब्रेकपाईप: हो. पुण्याहून मनमाडकडे जाताना दौंड जंक्शनला असंच तोंड बदलावं लागतं. आता बऱ्याच गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या जोडमार्गावरच्या दौंड कॉर्ड लाइन स्थानकावरून जातात. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या मेमूला किंवा वंदे भारतला इंजिन काढायची भानगडच नाही. चालकाने टोक बदललं, ब्रेक तपासले की गाडी निघाली.