हेडफोन पारखायचे तर आधी आवाज सारखा करा
(टिळकवाडी, बेळगाव येथील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ब-३०२:
सर्व सदस्यांना नमस्कार. आमची कन्या या महिन्यापासून रोज बसने धारवाडला ये-जा करणार असून, प्रवासात शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी तिला हेडफोन घ्यायचे आहेत. दुकानदाराने तीन प्रकार पुढे ठेवले: कानात बसणारे बिनतारी इअरबड्स, कानावर नुसते टेकणारे हलके उघडे हेडफोन आणि कान पूर्ण झाकून बाहेरचा गोंगाट कमी करणारे मोठे हेडफोन. तिन्हींच्या खोक्यांवर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असेच छापलेले आहे आणि दुकानात तिन्ही चांगलेच वाटले, त्यामुळे निवड कशाच्या आधारावर करावी हे कळेना. सुट्टीच्या दिवशी ते मीही वापरणार आहे आणि मला चष्मा आहे, हेही लक्षात घ्यावे.

अ-१०४:
काका, इअरबड्सच घ्या. मात्र त्यात एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून आवाज आटोपशीर करून पाठवण्याची एक पद्धत) असल्याची खात्री करून घ्या. साधा एसबीसी कोडेक सेकंदाला जेमतेम सव्वातीनशे किलोबिट माहिती पाठवतो, तर एलडॅक ९९० पर्यंत जातो. माझ्याकडे जुना एसबीसीचा जोड आणि नवा एलडॅकचा असे दोन्ही आहेत आणि दोहोंच्या आवाजातला फरक कोणालाही कळेल इतका स्पष्ट आहे.

अ-२०१:
धारवाड आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नोकरीची वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सदस्यांनी सांभाळून घ्यावे.

अ-१०४ च्या चिरंजीवांनी जी तुलना केली ती कोडेकची नव्हे, दोन वेगळ्या हेडफोनची आहे. कोडेक पारखायचा असेल तर एकाच जोडावर, फोनच्या सेटिंगमध्ये एलडॅक चालू-बंद करून ऐकावे लागेल, आणि तसे केल्यावर जो फरक उरतो तो बहुतेकांना शोधावा लागतो. शिवाय ९९० हा आकडा जोडणी मजबूत असतानाचा आहे. ती कमकुवत झाली की एलडॅक ६६० वर आणि मग ३३० वर उतरतो, आणि सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर जितक्या खिशांत ब्लूटूथ चालू असते तितक्या गर्दीत तो वरच्या पायरीवर टिकेल अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. आयफोनमध्ये तर एलडॅक नाहीच. तिथे एएसी हा कोडेक वापरला जातो आणि तोही उत्तम चालतो.

खोक्यावरचे ‘२० ते २०’, म्हणजे हेडफोन किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत वाजतो तो पट्टा, हे जवळपास निरर्थक आहे. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय तो आकडा काहीच बोलत नाही. त्यातही आमच्या वयाच्या माणसांना बारा किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे ऐकू येत नाही, तेव्हा वरच्या टोकासाठी पैसे मोजण्याआधी आम्ही विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. दुकानात तिन्ही जोड चांगले वाटले, पण तिन्हींचा आवाज सारखा ठेवला होता का? बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज मोठा होतो तसे आपल्या कानाला खर्जाचे आणि तारेच्या टोकाचे स्वर तुलनेने अधिक ठळक ऐकू येतात. म्हणजे तोच हेडफोन दोन-तीन डेसिबलने वाढवला की तो ‘भरीव’ आणि ‘स्वच्छ’ वाटू लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपण गुणवत्ता ओळखली. एका दुकानातला तांदूळ शेराने आणि दुसऱ्यातला किलोने मोजून कुठला स्वस्त हे ठरवण्यासारखे ते आहे. फोनवरची आवाजाची पट्टी दोन्ही वेळा अर्ध्यावर ठेवल्याने आवाज सारखा होत नाही, कारण प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते) निराळी असते, आणि ती छापतानाही कोणी एका मिलीवॅटला मोजून छापतो, तर कोणी एका व्होल्टला.

घरच्या घरी करायचे असेल तर पेटीचा मध्य सप्तकातील एखादा स्थिर स्वर फोनवर लावावा, दोन्ही जोड आलटून-पालटून ऐकावेत आणि तो स्वर दोन्हींत सारखा वाटेपर्यंत पट्टी हलवावी. कान एवढे काम नीट करतो. त्यानंतरच गाणे लावावे, आणि कोणता जोड कानाला लावला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने तो बदलावा. किंमत माहीत असली की कान तिच्याकडे झुकतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

गाण्यात काय ऐकावे? माझ्या मते तानपुरा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची जोडीची तार सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्याला, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला असतो. हेडफोनने ती मूळ कंपने गाळली तरी वरच्या उपस्वरांवरून (मूळ स्वरासोबत उठणाऱ्या वरच्या स्वरांवरून) कान तो स्वर ओळखतोच, म्हणून खर्ज ‘ऐकू येतो का’ हा प्रश्न फसवा आहे. त्याला वजन आहे का, हे पाहावे. जवारीने (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकाराने) उठणारे उपस्वर मोठ्या पट्ट्यावर पसरलेले असतात. त्यांतला एखादाच टोचू लागला तर त्या जागी हेडफोनचा प्रतिसाद वर उचललेला आहे, म्हणजे तेवढा भाग तो जास्त मोठा वाजवतो, असे समजावे.

ब-१०२:
अण्णा, फार उपयुक्त लिहिलेत. माझी एक शंका आहे. मी मुख्यतः जुनी ध्वनिमुद्रणे ऐकते. आपल्या सुळेभावीला जन्मलेले कुमारजी (कुमार गंधर्व) आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर अण्णा यांची मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी तर रोजची. चिरंजीवांच्या महागड्या जोडावर त्यातली खरखर वाढते आणि माझ्या साध्या जोडावर गाणे गोड वाटते. मग महाग ते चांगले असे कसे म्हणावे?

अ-२०१:
वहिनी, तसे म्हणूच नये. त्या तबकड्यांवर वरच्या पट्टीत गाणे थोडे आणि पृष्ठभागाची खरखर जास्त असते. जो हेडफोन सहा ते नऊ किलोहर्ट्झच्या आसपास उचललेला आहे तो नव्या ध्वनिमुद्रणात टाळी आणि ‘स’कार झळकवतो, आणि जुन्यात नेमकी ती खरखर पुढे आणतो. तुमचा जोड तिथे मंद असणार. तुमच्या संग्रहासाठी तो गुणच आहे.

आणखी एक गोष्ट. ती सर्व ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत तोच आवाज येतो, त्यामुळे त्यांवरून ‘आवाज किती पसरट, कोण कुठे बसले आहे’ हे ठरवता येणार नाही. मात्र मोनोचा एक फायदा आहे: गायक बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. तो डावीकडे वा उजवीकडे सरकला तर दोन बाजूंचे ड्रायव्हर (हेडफोनमधले आवाज करणारे छोटे स्पीकर) जुळलेले नाहीत, किंवा एका कानात जोड नीट बसलेला नाही.

ब-३०२:
अण्णा, आपण म्हणता तसे करून पाहू या. सचिवांची परवानगी असल्यास रविवारी सायंकाळी खालच्या सभागृहात बसू. अ-१०४ ने आपले एलडॅकचे इअरबड्स आणावेत.

सचिव:
सभागृह मोकळे आहे. माझ्याकडचे कान झाकणारे, गोंगाट कमी करणारे हेडफोन मी आणतो. ब-१०२ च्या काकूंकडे कॉस कंपनीचे पोर्टा प्रो हे कानावर टेकणारे उघडे हेडफोन आहेत, ते त्यांनी आणावेत.

अ-१०४:
रविवारी जे सदस्य येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी वृत्तान्त लिहितो.

तिन्ही जोड अण्णांच्या पद्धतीने पेटीच्या स्वरावर सारखे करून घेतले आणि ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे असे ठरले. बदलण्याचे काम काकूंनी केले. कानात, कानावर आणि कानाभोवती यातला फरक डोळे मिटूनही कळतोच, त्यामुळे पूर्ण आंधळी तुलना झाली असे म्हणता येणार नाही, परंतु आवाज सारखा होताच दुकानात वाटणारा फरक पुष्कळ आटला.

शांत सभागृहात गायकाचा आवाज सर्वांत मोकळा पोर्टा प्रोवर वाटला, असे बहुतेकांचे मत पडले. हे मॉडेल १९८४ चे आहे, म्हणजे माझ्याहून वयाने मोठे. मागून उघडे असल्याने आवाज डोक्यात कोंडत नाही. खर्ज मात्र थोडा फुगवलेला आहे आणि डग्गा त्यावर जरा जास्तच घुमतो. खर्जाचे खरे वजन माझ्या इअरबड्सवर मिळाले, पण रबर बदलल्यानंतर. कारखान्यातून बसवून आलेले मधल्या मापाचे रबर मी आजवर तसेच वापरत होतो. अण्णांनी मोठे लावायला सांगितले आणि तानपुरा खालून भरून आला. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही तर खर्ज फटीतून निघून जातो, हे त्यांनी तिथेच रबर किंचित ढिले करून ऐकवले. तो फरक एसबीसी आणि एलडॅकमधल्या फरकाच्या कितीतरी पट होता. त्याच जोडावर एलडॅक बंद केला तेव्हा कोणालाही खात्रीने सांगता आले नाही, मलाही नाही.

सचिवांच्या जोडावर काकांच्या चष्म्याची दांडी गादीखाली आली आणि तिथेही तीच फट पडली. चष्मा काढला की खर्ज परत. पोर्टा प्रोला मुळातच बंद बसण्याची गरज नसल्याने चष्म्याने त्याला काही फरक पडला नाही.

यानंतर अण्णांनी सभागृहाच्या स्पीकरवर बसच्या इंजिनाची घरघर लावली आणि सगळा क्रम उलटला. पोर्टा प्रोवर तानपुरा पार बुडाला, गायकाचे फक्त वरचे स्वर तरंगत राहिले, आणि प्रत्येकाचा हात आपोआप आवाज वाढवायला गेला. गोंगाट कमी करणारी यंत्रणा बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर सोडते आणि ती अशा सखल, एकसुरी घरघरीवरच सर्वांत चांगली चालते. सचिवांच्या जोडात आणि माझ्या इअरबड्समध्ये तानपुरा पुन्हा जागेवर आला. मध्येच कोणी बोलले की ते शब्द मात्र दोन्हींतून आत येत होते. सचिवांच्या जोडात यंत्रणा चालू-बंद केल्यावर गाण्याचा पोतही थोडा बदलतो, म्हणून ज्या स्थितीत रोज ऐकायचे आहे त्याच स्थितीत पारख करावी.

अ-२०१:
वृत्तान्त नेमका आहे. दोन गोष्टी जोडतो. खिडकीची काच उघडी ठेवून बसल्यास वारा हेडफोनच्या बाहेरच्या मायक्रोफोनवर आदळतो आणि यंत्रणा घरघर घालवण्याऐवजी नवी खरखर आणते. कन्येने शक्यतो आतल्या बाजूची जागा घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले आहे, पण ९० डेसिबलवर तीच मर्यादा ४ तासांवर येते. कित्तूरमार्गे धारवाड गाठायला दीड-दोन तास लागतात; उघडे हेडफोन लावून घरघरीवर मात करायला आवाज वाढवला तर आठवड्याची मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपेल. प्रवासासाठी उघडे हेडफोन नकोत असे मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी. तानपुरा बुडतो हे त्यानंतरचे कारण.

ब-१०२:
आणि उघड्या जोडातून शेजारच्या प्रवाशालाही पूर्ण मैफल ऐकू जाते, ते वेगळेच.

ब-३०२:
सर्वांचे आभार. कन्येसाठी गोंगाट कमी करणारे इअरबड्स घेण्याचे निश्चित केले असून, एलडॅकची अट काढून टाकली आहे. माझ्यासाठी चष्म्याला न अडणारा, तारेचा हलका उघडा जोड घेईन. फोनला गोल जॅक नसल्याने सोबत सी-टाइपचा छोटा अडॅप्टर लागेल असे सचिवांनी सांगितले आहे.

अ-२०१:
उत्तम. इअरबड्ससोबत रबराची किमान तीन मापे मिळतात का, ते दुकानातच खोके उघडून पाहावे. दोन्ही कानांना एकच माप लागेल असे नाही. माझ्या स्वतःच्या डाव्या कानाला मोठे आणि उजव्याला मधले लागते.