'माउली' म्हणताना स्वतःचे मत कसे राखावे? मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार. गेली सहा वर्षे मी आळंदी ते पंढरपूर वारी चालतो. तेथे लहानथोर सारे एकमेकांच्या पाया पडतात आणि प्रत्येक जण 'माउली' असतो. त्या दिवसांत वेगळेपणाची जाणीव खरोखरच विरते. घरी परतल्यावर मात्र वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीची बोलणी सुरू झाली की, थोरल्या दादांसमोर स्वतःचा हक्क मांडणे हा अहंकार ठरतो की काय, या शंकेने मी गप्प राहतो, आणि मग ते गप्प राहणेच आतून सलत राहते. (पत्नीच्या मते हे अध्यात्म नसून निव्वळ भिडस्तपणा आहे, ती चूक आहे असे मला म्हणवत नाही.)

'अमृतानुभवा'त ज्ञानदेवांनी देव, देऊळ आणि परिवार एकाच डोंगरातून कोरल्याचा दृष्टान्त दिला आहे. दगड एक असूनही तेथे प्रत्येकाचा आकार शाबूत राहतो, हे मला बुद्धीने पटते. परंतु ऐन बोलण्याच्या वेळी ते टिकत नाही. ज्यांनी अशा प्रसंगी मन कडू न होऊ देता ठाम नकार दिला आहे, त्यांनी नेमके काय केले, कोणत्या शब्दांत बोलले, हे कृपया सविस्तर सांगावे.