शेपूट दिसलं म्हणजे म्युटेशन झालं का?

दुहेरी_पेड:
"कॉमेट केली, लांब शेपटं दिसली, म्हणजे हे रसायन माणसाच्या पेशीत म्युटेशन्स घडवतं हे सिद्ध झालं. शंका असेल तर सिक्वेन्सिंग करून मोजा." स्लाइडवर_तारे यांनी काल हे लिहिलं आणि मला रात्रभर चैन पडली नाही. दोन वाक्यांत दोन चुका आहेत आणि दोन्हींनी माझा वेळ खाल्लाय, म्हणून सविस्तर लिहिते.

कॉमेट चाचणीत पेशीतला डीएनए जेलमध्ये विजेने ओढतात. जो तुटलेला असतो तो पुढे सरकतो आणि धूमकेतूसारखं शेपूट दिसतं. म्हणजे कॉमेटमध्ये तुटलेला डीएनए दिसतो. ती इजा झाली. पेशी ती दुरुस्त करते, बरेचदा तासाभरात. म्युटेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतला कायमचा बदल, कधी होतं? दुरुस्तीआधीच डीएनएची नक्कल झाली, समोर चुकीचं अक्षर बसलं आणि पुढच्या नकलेत ते दोन्ही स्ट्रँडवर (डीएनएच्या दोन्ही पेडांवर) पक्कं झालं, तर. मग दुरुस्त करायला काही उरतच नाही, पेशीच्या लेखी तो डीएनए धडधाकट असतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम या ऊन न सोसणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या पेशी घ्या. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत यूव्हीची (अतिनील किरणांची) इजा कापून काढायची यंत्रणाच बंद असते. कापणं नाही म्हणून तुटणं नाही, म्हणून यूव्हीनंतर लगेच पाहिलं तर शेपूट निरोगी पेशींपेक्षा आखूड. म्युटेशन्स मात्र कितीतरी जास्त. शेपटावर विसंबलं तर याच पेशी सुरक्षित ठरतील!

आता "सिक्वेन्सिंग करून मोजा". नेहमीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे मशीनने डीएनएची अक्षरं वाचणं, हजार अक्षरांत एखादी चूक करतंच. खरं नवं म्युटेशन कोटीभर अक्षरांत एक धरा. म्हणजे एका खऱ्यामागे दहा हजार खोटी. त्यात ते प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी, त्यामुळे कितीही खोल वाचा, ते ढिगातून वर येत नाही.

ऑक्सिडेशन करणाऱ्या एका रसायनावर मी आठ महिने घालवले. डीएनएच्या ए, सी, जी, टी या अक्षरांपैकी जी (ग्वानिन) चा टी (थायमिन) व्हायला हवा होता, आणि ढीगभर मिळाला. रसायन न दिलेल्या कंट्रोलमध्येही तेवढाच! मग रीड (मशीन प्रत्येक तुकडा दोन टोकांकडून वाचतं, ती दोन वाचनं) उलगडून बसले. पहिल्या रीडमध्ये जी चा टी, दुसऱ्यात सी चा ए, उलट बाजूने जवळपास काहीच नाही. खरं म्युटेशन दोन्ही स्ट्रँडवर असतं, ते अशी बाजू धरत नाही. ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करताना नळीतच ग्वानिन ऑक्सिडाइझ झालं होतं. मी पेशीतली नाही, नळीतली इजा मोजत होते.

स्लाइडवर_तारे:
मला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी समजून शिकवू नका. इजा झालीच नाही तर म्युटेशन कुठून येणार? एका दुर्मीळ आजाराच्या पेशी पुढे करून अख्खी चाचणी मोडीत काढायची ही कुठली पद्धत? आमच्याकडे एक द्रावण खराब आलं होतं. ते कॉमेटनेच दोन दिवसांत पकडलं. तुमचं सिक्वेन्सिंग होईपर्यंत आम्ही सगळ्या पेशी घालवल्या असत्या.

कॉलनी_मोजणारा:
दोघांनाही एचपीआरटी या जनुकावरच्या जुन्या म्युटेशन चाचणीचा विसर पडलेला दिसतो. सिक्स-थायोग्वानिन घाला, एचपीआरटीचं एन्झाइम त्याचं विष करतं. ज्या पेशीचं एचपीआरटी शाबूत ती मरते, ज्यात ते बिघडलंय ती जगून कॉलनी करते. जनुक एक्स क्रोमोसोमवर, म्हणजे पेशीत चालू प्रत एकच. एक घाव पुरतो. दहा लाख पेशींत चार-पाच म्युटंट असले तरी डोळ्यांनी मोजता येतात. मी अशा हजारो डिश मोजल्या आहेत. हल्लीच्या मुलांना मशीनशिवाय काही खरं वाटत नाही.

दुहेरी_पेड:
काका, तुमची चाचणी मी मान्यच करते. पण एकच जनुक, आणि तेही काम बंद पडलं तरच दिसणार. प्रथिनाला धक्का न लावणारं म्युटेशन तुमच्या डिशमध्ये मरून जातं.

कॉलनी_मोजणारा:
आणि तुमच्या मशीनमध्ये नसलेलं जन्माला येतं! कॉलनीतून एमआरएनए (जनुकाची नक्कल) काढून कुठलं अक्षर बदललं हेही आम्ही वाचायचो. माझ्याच विद्यार्थिनीला तीन महिने म्युटंट मिळेनात. डिशमध्ये पेशी दाटीने पेरल्या होत्या. शेजारच्या शाबूत पेशी विषारी झालेला रेणू गॅप जंक्शनमधून (पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटांतून) म्युटंटला देतात आणि त्याला मारतात. शिवाय डोस दिल्यावर आठवडाभर थांबायचं, कारण जुनं एन्झाइम पेशीत शिल्लक असतं. हे सगळं हाताने शिकावं लागतं. आता शिकवणारेच उरले नाहीत याचा मला राग आहे, तुमचा नाही.

पॅराफिन_ब्लॉक:
नळीत इजा होते म्हणता, तर आमच्याकडे या. फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या रुग्णाच्या नमुन्यात सायटोसिनचा (सी चा) अमिनो गट गळून युरासिल होतो, मशीन त्याला टी वाचतं. युरासिल काढणारं एन्झाइम आधी वापरा म्हणून मी वर्षानुवर्षं ओरडतोय. त्यातही मिथाइल लागलेल्या सायटोसिनचा थेट थायमिनच होतो, तो त्या एन्झाइमच्या हाती लागत नाही. एका रुग्णाच्या अहवालातली असली सी ते टी म्युटेशन्स मी भांडून मागे घ्यायला लावली. त्या माणसाचे उपचार त्यावर ठरणार होते.

दुहेरी_पेड:
तेच तर म्हणतेय. उपाय आहे. 2012 साली लोएब यांच्या गटाने डुप्लेक्स सिक्वेन्सिंग आणलं. प्रत्येक तुकड्याला खूणचिठ्ठी लावायची, दोन्ही स्ट्रँडच्या प्रती वेगळ्या वाचायच्या, आणि दोन्हींची साक्ष जुळली तरच म्युटेशन मानायचं. एकाच स्ट्रँडवर दिसलं तर ती इजा.

बोथट_टोक:
साक्ष जुळते तीही खोटी असू शकते. तुकड्याची टोकं नीट करताना पॉलिमरेज लोंबता स्ट्रँड बघून समोरचा भरतं. लोंबत्या भागात इजा असेल तर तिची नक्कल पलीकडे उतरते, आणि दोन्ही साक्षीदार एकच खोटं बोलतात. आमची तुकड्यांच्या टोकांशी जमलेली म्युटेशन्सची गर्दी हीच होती. नॅनोसीक या सुधारित डुप्लेक्स पद्धतीने, 2021 मध्ये, त्यावर इलाज केला: सरळ बोथट कापणारं एन्झाइम वापरायचं आणि फटीतून भरणी होऊ नये म्हणून डायडिऑक्सी (नक्कल तिथेच थांबवणारी अक्षरं) घालायचे. चूक अब्जात पाचाहून कमी.

दुहेरी_पेड:
हे मी लिहायला हवं होतं. माझ्या जुन्या डेटातही टोकांकडे गर्दी होती, मी ती नशिबावर सोडली होती. उद्या पुन्हा उघडते.

स्लाइडवर_तारे:
म्युटेशन हा शब्द मी माझ्या आकृतीच्या मथळ्यातून काढतो, तिथे "डीएनए तुटणं" लिहितो. झेरोडर्माचं उदाहरण मला अजून पटवून घ्यावं लागतंय, पण खोडता येत नाही. कॉमेट मात्र सोडणार नाही. आणि काका, डोस दिल्यानंतर तुम्ही पेशी किती विरळ पेरायचात?

कॉलनी_मोजणारा:
ते तुमच्या पेशी एकमेकींना किती चिकटून वाढतात यावर आहे. कुठल्या पेशी वापरता ते आधी सांगा.