इतिहासावरचं चित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं? नोंदी कशा ठेवायच्या?

सनावळी (प्रश्न)

नमस्कार. इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. कागद तपासायची सवय आहे: अस्सल की नक्कल, समकालीन की उत्तरकालीन, लिहिणारा कोणाच्या पदरी होता. चित्रासमोर उभं राहिलं की मात्र ही शिस्त सुटते. नोंदीत नुसतं वर्णन उतरतं, नाहीतर रंगसंगतीचं कौतुक.

रोज दोन तास आहेत. दरबारचित्रं, युद्धचित्रं, व्यंगचित्रं आणि सध्या मोबाइलवर फिरणारी राजकीय छायाचित्रं हे सगळं एकाच पद्धतीने अभ्यासता येईल का? चित्रावर विश्वास किती ठेवायचा हे कशावरून ठरवायचं? आणि शे-दोनशे नोंदी झाल्यावर त्या उपयोगी पडाव्यात म्हणून कशा लावायच्या? नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

दप्तर

सर, कागदाची शिस्त तशीच चालवा, फक्त प्रत्येक चित्राला तीन तारखा द्या. घटना कधीची, चित्र कधीचं, आणि नंतर ते कोणी, कुठे, कशासाठी पुन्हा पुढे आणलं. नोंदीच्या पहिल्या तीन ओळी याच. वर्णन त्यानंतर.

इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलचं पेशवे दरबाराचं चित्र घ्या, आता ते इंग्लंडमधल्या टेट संग्रहात आहे. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा तह करतो आहे. घटना १७९० ची, चित्र १८०५ चं. डॅनियल त्या दरबारात नव्हता, त्याने चित्रकार जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून ते रचलं. आणि वेल्स स्वतः मुंबईला उतरला १७९१ साली. म्हणजे तहाचा प्रसंग दोघांपैकी एकानेही पाहिलेला नाही.

म्हणून चित्र टाकाऊ ठरतं का? अजिबात नाही. वेल्सने पुण्यात बसून सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं केली होती, त्यामुळे चेहरे आणि पोशाख यांचं वजन मोठं. कोण कुठे बसलं, कोणाचा हात कुठे होता, त्या क्षणी कोण हजर होतं, इथे वजन कमी. यासाठी एका चित्राला एकच शेरा देऊ नका. चेहरे, पोशाख, वास्तू, बैठक, कृती अशा पाच गोष्टींना वेगवेगळा शेरा द्या.

मग मधली पंधरा वर्षं भरा. १७९५ मध्ये वेल्स गेला आणि त्याच वर्षी सवाई माधवराव. १७९९ मध्ये टिपू पडला, १८०० मध्ये नाना गेले, १८०२ मध्ये वसईचा तह, १८०३ मध्ये असईची लढाई. चित्र तयार झालं तेव्हा त्यातला दरबार उरलाच नव्हता, आणि ते करवून घेणारा मॅलेट इंग्लंडला परतलेला होता. आपल्या कारकिर्दीतला मोठा दिवस लोकांनी कसा आठवावा असं त्याला वाटत होतं, याचा हा अव्वल दर्जाचा समकालीन पुरावा आहे. १७९० साठी उत्तरकालीन, १८०५ साठी अस्सल. बखरीला आपण हेच लावतो.

नोंदी लावताना फाइलच्या नावात आधी चित्राचं वर्ष घाला, घटनेचं नंतर: «१८०५_डॅनियल_मॅलेटदरबार_घ१७९०». बहुतेक जण उलट करतात आणि फसतात. घटनेप्रमाणे लावलं की चित्रं पाठ्यपुस्तकातल्या सनावळीसारखी दिसतात. चित्राच्या वर्षाप्रमाणे लावलं की एखाद्या दशकाला अचानक जुनी युद्धं का आठवायला लागली ते डोळ्यांसमोर येतं. वॉशिंग्टन बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडतो ते लॉयट्झचं चित्र १८५१ चं. चित्रकार तेव्हा जर्मनीत होता आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांत्या ताज्या होत्या. नावेत जो तारे-पट्ट्यांचा झेंडा आहे तो १४ जून १७७७ ला ठरला, नदी ओलांडली डिसेंबर १७७६ मध्ये. झेंडा १७७६ बद्दल काही सांगत नाही, १८५१ बद्दल बरंच सांगतो.

रंगलेप

वरच्या पद्धतीशी सहमत. पण तारखांच्या आधी चित्र नीट मिळवायला हवं, तिथेच पहिली माती होते.

शोधात सापडलेली पहिली प्रतिमा वापरू नका. ज्या संग्रहालयात चित्र आहे तिथली घ्या, आणि दिलेल्या मापाशी ताडून पाहा. पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र ३.४९ मीटर उंच, ७.७६ मीटर लांब. लांबीला उंचीने भागलं की २.२२ येतं. तुमच्याकडच्या प्रतिमेचे पिक्सेल भागून २.१ किंवा २.३ आलं तर ती कापलेली किंवा ताणलेली आहे. कापाकापी बहुतेक कडांवर होते आणि राजकारण बरेचदा कडेलाच असतं. मापाचा अंदाज डोळ्यांना यावा म्हणून जमिनीवर दोरी पसरून पाहा. पावणेआठ मीटर म्हणजे काय ते पडद्यावर कळत नाही.

मग मथळा झाकून वीस मिनिटं पाहणं. चित्राचे नऊ चौकोन कल्पा, प्रत्येकाला एकच वाक्य, आणि मधला चौकोन शेवटी. डोळा आधी मुख्य चेहऱ्यावर जातो आणि तिथेच अडकतो, म्हणून हा क्रम. फ्रेंच चित्रकार दाविदचा आल्प्स ओलांडणारा नेपोलियन पाहा. उधळलेला घोडा, फडफडणारा झगा, सगळं लक्ष वर. डाव्या कोपऱ्यात खाली खडकावर नावं कोरली आहेत: बोनापार्त, त्याखाली हॅनिबल आणि शार्लमेन. घोड्याच्या पायांमागे सैनिक तोफ ओढत आहेत. मे १८०० मध्ये नेपोलियनने घाट ओलांडला तो खेचरावरून. घोड्याचं खोटेपण सगळे सांगतात, पण माझ्या मते खरा दावा त्या खडकावर आहे. १८०१ ते १८०५ मध्ये दाविदने याच्या पाच आवृत्त्या केल्या, तेव्हा नोंदीच्या कार्डावर कोणती आवृत्ती ते लिहायलाच हवं.

राज्यशास्त्राचा माणूस म्हणून तुम्हाला इटलीतल्या सिएनाच्या नगरभवनातली लोरेन्झेत्तीची भित्तिचित्रं (१३३८–३९) भावतील. विषय चांगलं आणि वाईट राज्य. न्यायदेवतेच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या खाली येतात, सलोख्याची देवता त्यांचा एक दोर करते, आणि तो चोवीस नागरिकांच्या हातांतून जात राज्याच्या प्रतिमेपर्यंत पोचतो. सलोख्याच्या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, माणसामाणसांतला उंचसखलपणा तासण्यासाठी. ज्या दालनात शहराचा कारभार पाहणारं नऊ जणांचं मंडळ बैठका घेई त्याच दालनात हे रंगवलं आहे. चित्र कोणाच्या नजरेसमोर होतं हीसुद्धा नोंद हवी.

रेषा

व्यंगचित्रासाठी तीन तारखांची रीत थोडी बदलते, कारण घटना आणि चित्र यांत दोन-चार दिवसांचंच अंतर असतं. इथे चूक वेगळी होते: संदर्भ मेलेला असतो आणि आपण आजचा अर्थ भरतो. म्हणून चित्र छापून आलं त्या दिवसाच्या आधीच्या सात दिवसांचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय नोंद करू नका. ज्या वस्तूवर शब्द लिहिलेला आहे ती आधी टिपा. तिथे चित्रकाराला वाचक चुकेल अशी भीती वाटलेली असते. ज्याच्यावर शब्द नाही ते चिन्ह तेव्हा सर्वांना ठाऊक होतं.

अभ्यासाला १८३० नंतरचं फ्रान्स उत्तम. नोव्हेंबर १८३१ मध्ये व्यंगचित्रांच्या पत्राचा संपादक शार्ल फिलिपाँने न्यायालयातच चार रेखाटनांत राजा लुई-फिलिपचा चेहरा टप्प्याटप्प्याने नासपतीच्या फळापर्यंत आणून दाखवला. कोणत्या टप्प्यावर गुन्हा सुरू होतो, हा त्याचा प्रश्न. पुढे नुसतं फळ काढलं तरी राजा दिसायला लागला. त्याच काळात व्यंगचित्रकार दोमिएने राजाला अवाढव्य पोटाचा राक्षस केलं: टोपल्या भरभरून नाणी फळीवरून त्याच्या तोंडात जातात आणि आसनाखालून सनदा व मानचिन्हं बाहेर पडतात. त्याला सहा महिने तुरुंग झाला. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्राला आगाऊ परवानगी सक्तीची केली, लेखाला नाही. सत्तेला मजकुरापेक्षा रेषेची भीती जास्त का वाटली, हा धागा धरून तुम्ही थेट आजपर्यंत येऊ शकता.

मूळप्रत

मोबाइलवरच्या छायाचित्रांबद्दल. बनवलेल्या प्रतिमेपेक्षा खरं छायाचित्र आणि खोटा मथळा हा प्रकार फार जास्त सापडतो, म्हणून आधी स्रोत शोधा.

सर्वांत मोठी प्रत मिळवा. वरचा मजकूर, चौकट, चिन्ह कापून टाका, नाहीतर शोधयंत्र त्या मजकुरालाच जुळवत बसतं. गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या प्रतिमा शोधणाऱ्या तिन्ही यंत्रांत टाका. काही न मिळाल्यास प्रतिमा आडवी उलटवून पुन्हा टाका, आरशासारखी फिरवलेली छायाचित्रं पहिल्या शोधात निसटतात. तरीही न मिळाल्यास मागची इमारत किंवा पाटी तेवढीच कापून शोधा. व्हिडिओ असेल तर वेगवेगळ्या क्षणांच्या चार-पाच चौकटी काढून प्रत्येक शोधा. टिनआयमध्ये «सर्वांत जुनी» असा क्रम लावता येतो, पण ती तारीख त्यांच्या यंत्राने प्रतिमा पाहिल्याची आहे. प्रतिमा त्याहून जुनी असू शकते, नवी नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फाइलमधली कॅमेरा आणि तारखेची माहिती निघून जाते. त्यामुळे माहिती नसणं हा बनावटीचा पुरावा धरू नका. मूळ फाइल हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. रंगीत ठिपके दाखवून «छेडछाड झाली» म्हणणाऱ्या चाचण्यांवर विसंबू नका, प्रतिमा दोन-तीनदा जतन केली तरी तसे डाग दिसतात. बोटं मोजून यंत्राने बनवलेलं चित्र ओळखण्याचे दिवसही संपले. पोस्ट दिसली त्याच दिवशी वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या प्रती साठवणारी सेवा) जतन करून ठेवा, दुपारपर्यंत ती उडालेली असू शकते.

डोळा तयार करायला ५ मे १९२० चं मॉस्कोतलं छायाचित्र घ्या. लेनिन लाकडी मंचावरून बोलतो आहे, शेजारच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. पुढे हे दोघे स्टालिनच्या विरोधात गेले, आणि नंतरच्या प्रतींत तिथे नुसत्या पायऱ्या. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पायऱ्यांच्या फळ्या पाहा.

सनावळी

सर्वांचे आभार. पाच शेऱ्यांची पद्धत कालपासूनच सुरू केली. दोन शंका. तिसरी तारीख नेमकी कोणती धरायची, चित्र तर शेकडो वेळा छापलं जातं? आणि पहिलं कार्ड चित्रकार ट्रम्बलच्या, अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या स्वाक्षऱ्यांच्या चित्राचं करतो आहे, ते योग्य आहे ना?

दप्तर

तिसरी तारीख म्हणजे ज्या दिवशी चित्रामुळे कोणाला तरी काही करावं लागलं तो दिवस. नुसतं छापणं सोडून द्या. 'गेर्निका'चंच पाहा: त्या स्पॅनिश गावावर बॉम्बफेक २६ एप्रिल १९३७, चित्र मे-जून १९३७. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर त्याची विणलेली प्रतिकृती होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकबद्दल तिथे बोलले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा टाकलेला होता. कॅमेऱ्यांसाठी साधी पार्श्वभूमी हवी, असं कारण दिलं गेलं. कार्डावर पडदा आणि कारण दोन्ही लिहा.

ट्रम्बलचं चित्र घ्या, पण त्यात स्वाक्षऱ्या नाहीत. पाच जणांची समिती मसुदा मांडते आहे, तारीख २८ जून १७७६. स्वाक्षऱ्या मुख्यतः २ ऑगस्टला झाल्या. चित्र पूर्ण झालं १८१८ मध्ये. तिसऱ्या तारखेला १९७६ लिहा: त्या वर्षी ते दोन डॉलरच्या नोटेमागे आलं आणि जागा पुरेना म्हणून काही माणसं गाळली गेली. नोट आणि मूळ चित्र शेजारी ठेवून आधी दोन्ही कडांची माणसं मोजा.