घर खाली करताना, घर खाली करून घेताना: तुमचे अनुभव

भाडेकरू निघत नाही, मालक टिकू देत नाही, या दोन्ही तक्रारी आपण चहावर ऐकतो, पण पुढे नेमकं काय झालं ते कोणी सांगत नाही. ते इथे लिहा. शहर आणि कागद कोणता (लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापर-करार, की पगडी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुनी भाडेकरी) ते आधी सांगा, कारण दाद कुठे मागायची ते त्यावरच ठरतं. नावं नकोत.

घरमालकीण, कोथरूड (लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृत)
मुदत संपली तरी मंडळी हलेनात. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. दीर म्हणाला, लाईट तोडा, आपोआप जातील! वकीलबाईंनी त्याला जागीच गप्प केलं: पाणी-वीज तोडली तर भाडे कायद्याच्या कलम 29 खाली उलट आपल्यावरच कारवाई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज केला. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. त्यांनी मागितली नाही, म्हणून निकाल आमच्या बाजूने. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्काचाही (म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट) आदेश झाला. तो कागदावरच आहे, वसुलीचं नाव नाही.

ताब्याच्या दिवशी ते घरी नव्हतेच. कुलूप तोडून पंचनामा झाला: कुकर, अर्धा भरलेला सिलिंडर, दोन गाद्या, मुलाची सायकल. एकेक वस्तू लिहून घेतली. सायकल मी वेगळी काढून वॉचमनकडे ठेवली, पोराचा काय दोष.

भाडेकरू, ठाणे (तोंडी ठरलं होतं)
मालक म्हणायचे, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. चूक. आपल्याकडे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची (त्याच कायद्याचं कलम 55). नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भाडं वाढवायला नकार दिला तेव्हा मीटरचा फ्यूज काढून नेला होता. वकिलाची नोटीस जाताच तो परत बसला. नंतर आम्हीच दुसरीकडे गेलो, डिपॉझिट घासाघीस करून मिळालं.

गिरगाव, पगडी
वरच्या दोघांचा रस्ता आमच्या कामाचा नाही. आमची केस धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. आजोबांच्या वेळची खोली, भाडेपावती अजून त्यांच्याच नावाची. मालकाने भाडं घेणंच बंद केलं आणि मग थकबाकीची नोटीस पाठवली! ही जुनी खेळी आहे. वडील दर महिन्याला मनीऑर्डर करत आणि परत आलेल्या पावत्या फरसाणाच्या डब्यात ठेवत. तो डबाच कोर्टात उपयोगी पडला. तसंही नोटिशीनंतर 90 दिवस दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला तर त्या कारणावर घर खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही.

मग मालकाने कारण बदललं: मुलासाठी जागा हवी. यात नुसती गरज दाखवून भागत नाही, जास्त अडचण कोणाची होईल तेही कोर्ट पाहतं. सध्या तारखांवर तारखा चालू आहेत.

शेजाऱ्यांचं मात्र वाईट झालं. खोलीला कुलूप लावून ते गावी राहिले. दाव्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली नसेल तर तेही घर खाली करण्याचं कारण ठरतं. त्यांच्या बंद मीटरची बिलंच मालकाने पुरावा म्हणून लावली.

भाडेकरू, नाशिक
आमचं तडजोडीत मिटलं. मुलीची दहावी होईपर्यंत मुदत आणि मागचं भाडं माफ, बदल्यात ठरल्या तारखेला चावी. तोंडी नाही, कोर्टात लिहून दिलं. मालक आजही दिवाळीला फोन करतात.

गिरगावकर, भाडेपावती वडिलांच्या नावावर करून मागितलीत का कधी? माझ्या मामांकडे दादरला मालक त्यासाठी वर पैसे मागतोय. मामा आजोबांसोबत तिथेच राहत होते, रेशनकार्डही त्याच पत्त्याचं आहे.