छोट्या पाणबुडीचं पायलट सर्टिफिकेट कुठे मिळेल? (घाई आहे)

दर्यावर्दी_पेडणे: हंगाम सुरू व्हायच्या आत पाणबुडी चालवायचं सर्टिफिकेट हवं आहे. गोव्यात कोर्स कुठे, किती दिवसांचा, खर्च किती? पॉवरबोटचा परवाना आहे. शोधलं की नौदलाची भरतीच येते. माहिती असेल त्यांनीच लिहा.

मांडवीकाठ: आधी स्कुबा कर. ग्रँड आयलंडला ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स), मग अ‍ॅडव्हान्स्ड. पाण्याखाली डोकं शांत राहतं की नाही ते तिथेच कळतं.

तारवटी_वास्को: स्कुबाचा काय संबंध? बंद पाणबुडीत आतला दाब जमिनीवरच्याइतकाच. बाहेर दर १० मीटरला एक वातावरण वाढतं, ते हल (पाणबुडीचं बाहेरचं कवच) झेलतो. सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) काढ, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या लोकांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक कोर्स कर. आमच्या घरात सगळे तारवटी (जहाजावर काम करणारे), याच वाटेने गेले.

मांडवीकाठ: काका, उघड्या पाणबुड्याही असतात, त्यात माणूस मास्क लावूनच बसतो. प्रकार कुठला ते त्याने सांगितलंय कुठे?

शिवोली२: चेन्नईच्या एनआयओटीत (समुद्र तंत्रज्ञानाची सरकारी संस्था) विचार. त्यांच्या मत्स्य ६००० या संशोधन पाणबुडीत तीन माणसं ६००० मीटर खाली जाणार आहेत.

दर्यावर्दी_पेडणे: संशोधन नको, पर्यटकांना फिरवायचंय. बंद आहे, पायलट आणि दोन प्रवासी, १०० मीटरची. एका रिसॉर्टचा मालक परदेशातून जुनी आणतोय. कोर्स कुठे, एवढंच विचारलं होतं.

खोलपाणी: जुनी आहे हेच आधी सांगायला हवं होतंस. मी परदेशात एका यॉटवर पाणबुडीच्या क्रूमध्ये होतो. जगात सगळीकडे चालेल असा एकच परवाना नाही. प्रशिक्षण त्या मॉडेलपुरतं असतं आणि बनवणारी कंपनीच ते देते: फ्लोरिडाची ट्रायटन, नेदरलँड्सची यू-बोट वर्क्स वगैरे. बॅलास्ट (पाणबुडीचं वजन कमी-जास्त करणं) आणि ट्रिम (तिचा तोल) सांभाळून पाण्यात अधांतरी स्थिर राहणं हे पहिलं. मग ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची नोंद ठरावीक वेळाने घेणं, स्क्रबरमधला (कार्बन डायऑक्साइड शोषणारं यंत्र) सोडा लाइम बदलणं, पाण्याखालच्या टेलिफोनवर बोलणं, वीज गेली तर वजन सोडून वर येणं, आत धूर झाला तर काय करायचं, हे हाताला बसेपर्यंत करून घेतात. वरच्या बोटीवरच्या माणसाचं प्रशिक्षण वेगळं. तो तयार नसेल तर तू एकटा शिकून उपयोग नाही.

आणि कोर्सच्या आधी क्लास सर्टिफिकेट (जहाज तपासणाऱ्या संस्थेचा दाखला) बघ. डीएनव्ही, एबीएस, लॉइड्स या संस्थांपैकी कुणाचं आहे, चालू आहे का? अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांनाही ठरलेलं आयुष्य असतं. १८ जून २०२३ ला टायटन पाणबुडी फुटून पाच जण गेले, ती कोणत्याही क्लासमध्ये नव्हती.

मांडवीकाठ: टायटन ३८०० मीटरसाठी निघाली होती. इथे २० मीटर तरी जाणार का?

तारवटी_वास्को: इजिप्तच्या हुरघाडाला कुठे खोल होतं? २७ मार्च २०२५, सिंदबाद पाणबुडी, किनाऱ्यापासून फार लांबही नव्हती. सहा पर्यटक गेले. कमी खोल म्हणून निश्चिंत राहू नका.

निवतीकर: आमच्या निवतीला पाणबुडी येणार, कित्येक वर्षं ऐकतोय. तिकीट किती ठेवणार? लहान मुलांना घेतात का?

शिवोली२: ग्रँड आयलंडला पाणी गढूळ, काही मीटरपलीकडे दिसत नाही. आणि ट्रॉलरची तुटलेली जाळी खडकांना अडकलेली असतात. थ्रस्टरमध्ये (पाणबुडी ढकलणारा पंखा) जाळं गेलं तर? बंदर कप्तान खात्याला कुठली जागा दाखवलीय?

दर्यावर्दी_पेडणे: जागा मालक बघतोय. आत्ताच फोन केला. क्लासचा कागद आहे, पण मुदत २०१९ ला संपलेली. मालक म्हणतो, चालवून बघ, कागद नंतर करू.

खोलपाणी: बसू नकोस त्यात, रिकामी असली तरी. आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) २००१ चं सर्क्युलर ९८१ प्रवासी पाणबुड्यांसाठीच आहे, ते छापून मालकासमोर ठेव. कंपनीला मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून थेट विचार. शेवटचा सर्व्हे रिपोर्ट आणि बुड्यांचं लॉगबुक माग.

मांडवीकाठ: यावर मात्र काकांशी आणि खोलपाणींशी सहमत. आगाऊ पैसे घेतले नाहीस ना?

दर्यावर्दी_पेडणे: नाही घेतले. सिरीयल नंबर मागितलाय, आला की कंपनीला मेल करतो. वरच्या बोटीवरच्या माणसाचं प्रशिक्षणही कंपनीच देते का? माझा भाऊ तयार आहे.